मरळीची जागा

गाव सोडलं त्या सकाळी बाबा मला पोचवायला आले नाहीत. जाळं पाण्यात होतं. ब्रह्मपुरीची जीप तलावाच्या पाळीवरून गेली तेव्हा डोंग्यात उभ्या बाबांनी नुसता एक हात वर केला. माझ्या मांडीवर आईने दिलेला सुक्या मासोळ्यांचा डबा होता आणि शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला होता. "वासाची लाज नोको धरू," आई म्हणाली होती. मी धरली. नागपूर यायच्या आत डबा पिशवीच्या तळाशी गेला.

आता बेंगळुरूच्या लॅबमध्ये माझ्या हातांना दिवसभर माशांचाच वास असतो, आणि मजेत असते मी. मासे पिल्लं कशी सांभाळतात, हा माझा संशोधनाचा विषय. आमचे इंग्रजी पेपर आम्हीच एकमेकांचे वाचतो, म्हणून एका मराठी पुरवणीत कॉलम लिहू लागले. बाबा तो पाळीवर बसून सगळ्या धीवरांना मोठ्याने वाचून दाखवत. त्याने मी चांगलीच फुगले होते.

एकदा मी आमच्या तलावातल्या मरळीवर लिहिलं. तिची तांबूस पिल्लं घोळक्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. लिहिण्याच्या भरात गावाचं नाव दिलं, तलावाचं दिलं, कोपरासुद्धा सांगितला. लॅबची सवय, दुसरं काय! नमुना कुठला ते सांगितल्याशिवाय आमच्यात कोणी विश्वास ठेवत नाही.

थोड्याच दिवसांत शहरातले हौशी गळवाले गाडी घेऊन नेमके त्या कोपऱ्यात पोचले. पिल्लांवरची मरळ आमच्या गावात कोणी धरत नाही. त्यांनी आईबाप दोन्ही नेले. बाबा फोनवर रागावले नाहीत.

"पिल्लं तशीच फिरून राह्यली होती वं," एवढंच म्हणाले.

मला जेवण गेलं नाही. धीवर आपली जागा घरच्यांशिवाय कोणाला दाखवत नाही, आणि मी ती छापून वाटली होती. बाबा आता मला कधी जागा दाखवतील का, हेच डोक्यात घोळत राहिलं.

कॉलम मी बंद केला. काही महिन्यांनी बाबांचाच फोन आला. "काऊन वं, लिहून नाई राह्यली?"

"चुकलं बाबा माझं."

"चुकलं तं चुकलं. लिही. पर धाडाच्या आंधी मले वाचून दाखव."

तेव्हापासून दर लेख आधी बाबांना फोनवर ऐकवते. अवघड शब्द आला की ते खोकतात. संशोधनाच्या पेपरमध्येही मी आता फक्त जिल्हा लिहिते, आणि कोणी कारण विचारलं तर सरळ सांगते.

यंदा गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चाल, बस डोंग्यात." बऱ्याच वेळाने त्यांनी बांबू थांबवला आणि बोट दाखवलं. देवधानाच्या, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाताच्या, काड्यांमध्ये तांबूस घोळका हलत होता. जीपीएस माझ्या पिशवीतच राहिलं. डोळे भरून आले, म्हणून पिल्लं नीट दिसेनात.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग लिही."

तुमच्यापैकी जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते सगळेच विचारतात की आता तुझं घर कुठलं. जिथे मला अजून जागा दाखवतात, तिथलं. कोपरा कोणता, ते विचारू नका.