उस्तादांचा कान

“पाना हाय बे माझ्याकडं! दुसरा कशाला आणतो?” गाडीखालून उस्ताद असे ओरडले, की पार शेजारच्या चौसाळा गावात लोकांनी दारं लावून घेतली असतील. मी नुसतं ‘पाणी आणू का’ विचारलं होतं.

उस्तादांना ऐकू येईनासं झालंय, हे सगळ्या नेकनूरला माहीत होतं. उस्तादांना सांगायची कोणाची छाती नव्हती. या माणसानं जन्मभर कानाच्या भरवशावर गाड्यांचं मिस्त्रीकाम केलं. पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. पाटोद्याहून निघालेल्या एसटीचा कुठला नट ढिला आहे, हे इथं चहा पिता पिता सांगायचे. एकदा एक बागायतदार शपथेवर म्हणाला, “ऑइल कालच बदललं.” उस्तादांनी मूठ कानाला लावली. “गाडी खोटं बोलत न्हाई, बे. मालक बोलतो.” तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागे.

पण एक-दोन कामं फसली आणि त्यांच्या मुलानं गॅरेजला कुलूप घातलं. तेवढ्यात माझ्या जुन्या गाडीच्या मागून खड्ड्यागणिक ‘कट्ट’ व्हायला लागलं. मी म्हणालो, “शॉकअप असेल.” मला डिकी दाबायला लावून उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं. “शॉकअप न्हाई. सबफ्रेमचे बुश. ही गाडी गप झाली की पोराकडून गॅरेजची चावी घेतो, बघ.”

म्हणजे मागच्या चाकांची अख्खी लोखंडी चौकट उतरवायची आणि ती ज्या रबरी बुशांवर टांगलेली असते, ते बदलायचे. तेही माझ्या अंगणात! दोन दिवस असा हातोडा चालला, की शेजारच्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत. नवे बुश आकसावेत म्हणून उस्तादांनी ते आमच्या फ्रीजरात कोंबले. बायको कळवळली, “चाचा, तिथं श्रीखंड हाय!”

“खंड न्हाई पडायचा, बेटी! सांजेला उरकतो!”

काम मात्र देखणं. साबणाचं पाणी लावून, लांब बोल्ट कसत कसत, खुणेला खूण जुळवून त्यांनी एकेक बुश बसवला. हातांना सगळं आठवत होतं. त्यांच्या हातची ती शेवटची गाडी.

फाट्याकडे फेरी मारली. उस्ताद शेजारी, तळवा दाराला टेकलेला. पहिल्याच खड्ड्यात कट्ट.

“गेला का आवाज?” त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“गेला, उस्ताद! साफ गेला!” मी ओरडलो.

दुसरा खड्डा. कट्ट.

उस्तादांनी दारावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“मालकच हायस तू,” ते म्हणाले.