मर्लची अवजारं, क्लॅरीचं नाव

माझा नवरा रेक्स ट्रेलोर आमच्या पोर्ट हॅलॉकच्या मोटरसायकल क्लबचा अध्यक्ष आहे आणि मी चिटणीस. म्हणजे तो बोलतो आणि मी टाइप करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझे हात स्वच्छ नाहीत आणि मला उगाच भोळी म्हणवून घ्यायचं नाही.

मर्ल पास्को आमच्या शेजारी राहते. मधे फक्त पत्र्याचं कुंपण. अडुसष्ट वर्षांची आहे, बुटकी, चष्मा जाड. चर्चला जाताना पांढरे हातमोजे घालते. गावातल्या बायका म्हणतात, मर्ल किती जुन्या वळणाची! डोंबल जुन्या वळणाची. नखांतलं काळं ऑइल जात नाही म्हणून घालते ती हातमोजे.

तिची आई लवकर गेली. बाप शेतांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करत फिरायचा, तो या पोरीलाही ट्रकमध्ये घालून न्यायचा. अवजारांचं दुकान शंभर मैलांवर. अवजार नसलं तर त्या शेतावर जे गंजत पडलं असेल त्यातून बनवायचं, नाहीतर गुरं तहानेली. दहा वर्षांची व्हायच्या आत मर्लला कानस चालवता येत होती, लोखंडाला भोक पाडता येत होतं. मला त्या वयात रुमालाला टीप घालता येत नव्हती.

मग तिनं क्लॅरीशी लग्न केलं. क्लॅरी पास्को धान्याच्या धक्क्यावर कामाला होता. दिसायला देखणा, बोलायला त्याहून. किनाऱ्यावरच्या वाळूत मोटरसायकल अशी पळवायचा की पोरी शर्यतीचा निकाल विसरायच्या. पण गाडीच्या आत काय चालतं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

एकोणसाठ साली त्याच्या पाचशे सीसीच्या इंग्लिश मोटरसायकलचं इंजिन जाम झालं. दुरुस्तीच्या पुस्तकात पानोपानी एकच रड: इथं अमुक क्रमांकाचं खास अवजार वापरावं. खास अवजार ॲडलेडच्या एजंटकडे, आणि एजंट म्हणणार बोटीनं येईल. मर्लनं पुस्तक मिटलं आणि क्लॅरीची क्रिकेटची बॅट करवतीनं कापली.

सिलिंडर वर उचलला की पिस्टन खाली आपटतो. त्याला टेकायला खाचेची फळी लागते, आणि लाकूड असं लागतं की पिस्टनला ओरखडा उठू नये. बॅटीचं लाकूड मऊ. तेवढाच विचार तिनं केला. क्लॅरीनं त्या बॅटीनं शेजारच्या कडीना गावच्या संघाविरुद्ध त्रेचाळीस धावा काढल्या होत्या. महिनाभर तो बायकोशी बोलला नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचा आणि रेक्सपुढे रडायचा, ‘माझी बॅट कापली रे त्या बयेनं!’

हे नीट लक्षात ठेवा. रेक्सपुढे रडायचा.

मग अवजारं वाढत गेली. काकवीच्या डब्याचा पत्रा कापून आणि पाण्याच्या नळीची पट्टी आवळून तिनं पिस्टनच्या रिंगा दाबायचं कडं केलं. क्लचच्या दोन जुन्या प्लेटा एकमेकींना ठोकून त्यांना पलंगाच्या पायाची दांडी लावली; आता क्लच जागच्या जागी धरता येई. फाटकाच्या बिजागरीची जाड पट्टी, तिला तीन भोकं आणि तीन बोल्ट, झाला इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, ओढून काढायचा पुलर. आणि कपडे वाळत घालायची सुती दोरी. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना ती स्पार्क प्लगच्या भोकातून आत कोंबायची; पिस्टन वर येऊन दोरीत अडकतो, इंजिन फिरत नाही, मग कितीही घट्ट नट असो, सुटतो. इंजिनाचा खोका ती ओव्हनमध्ये तापवायची. वर थुंकी टाकली की चुर्र झालं पाहिजे, मग बेअरिंग आपोआप गळून पडतं. नवं बेअरिंग फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांशेजारी. त्याच ओव्हनमधल्या तिच्या पेस्टीला, त्या मांस-बटाट्याच्या करंजीला, कायम ऑइलचा वास यायचा. आम्ही खायचो.

गावातले पुरुष गाड्या आणायचे, पण क्लॅरीकडे. तो फाटकात उभा राहून गाडी ताब्यात घ्यायचा, कान लावून ऐकल्यासारखं करायचा. शनिवारी परत देताना कपाळ पुसून म्हणायचा, ‘फार छळलं बाबा हिनं!’ आत ओट्यावर सगळं मर्लनं केलेलं असायचं. मी एकदा तिला विचारलं, तुला चीड येत नाही? ती म्हणाली, ‘येते ना. पण बाईकडे कोण इंजिन आणणार, डॉट? मला इंजिनं हवीत. नावाचं नंतर बघू.’

हे ‘नंतर’ कधी आलंच नाही. तीन वर्षांपूर्वी क्लॅरी हृदयविकारानं गेला. दफनानंतरच्या चहाला, हॅमची सँडविचं हातात घेऊन, लोक तिच्या तोंडावर म्हणत होते, ‘आता आमच्या गाड्या कोण करणार?’ तिच्या तोंडावर! तिनं सांगून बघितलं, ‘मी करते, आणा की.’ लोक तिच्या खांद्यावर थोपटून पुढे गेले. बिचारी, दुःखानं डोकं फिरलंय. तीन वर्षांत त्या फाटकातून एकही इंजिन आत आलं नाही. मर्लनं स्वतःची मोटरसायकल चार वेळा विनाकारण उघडली आणि पुन्हा जुळवली. कुंपणापलीकडून ते ऐकताना माझं डोकं भणभणायचं.

त्यात यंदा क्लबनं जुन्या शाळेच्या खोलीत छोटं संग्रहालय काढायचं ठरवलं. काचेचं कपाट आणलं. एका बाजूला किनाऱ्यावरच्या शर्यतींचे कप, त्यात रेक्सचा चौसष्टचा ईस्टरचा कप. दुसऱ्या बाजूला घरी बनवलेली अवजारं. मर्लकडे मागायला मीच गेले. तिनं खोका भरला आणि एकच अट घातली.

‘पाटीवर माझं नाव. मोठं नको, पण वाचता येईल असं. लोकांनी वाचलं तर दोन इंजिनं तरी येतील माझ्याकडे.’

‘लिहिते,’ मी म्हटलं.

घरी येऊन रेक्सला सांगितलं तर चहाचा कप हातात धरूनच तो उसळला.

‘मर्लचं नाव? तुझं डोकं फिरलंय का?’

‘बनवलीत तिनं.’

‘धरली असेल टॉर्च. ती काय मदत म्हणायची?’

‘रेक्स, चौसष्टला तुझं इंजिन तिनं बांधलं. तू पेस्टी खायला तिच्या स्वयंपाकघरात गेलास तेव्हा फ्लायव्हील तिच्या मांडीवर होतं. घरी येऊन तूच मला सांगितलंस.’

त्यानं कप खाली आपटला. ‘आणि हे मी क्लबच्या चाळीस जणांना सांगू? की माझा कप एका बाईनं ओट्यावर जुळवलेल्या इंजिनावर आला? हसतील लेकाचे. माझा कप पण काढून टाकू कपाटातून?’

‘काढ!’

‘जास्त बोलू नकोस. क्लॅरीचं नाव सगळ्या गावाला माहीत आहे. मेलेल्या माणसाचा मान ठेवायचा की नाही? तू चिटणीस आहेस, मी सांगतो ते टाइप कर.’

मी भांडले. दोन दिवस स्वयंपाक केला नाही. तिसऱ्या दिवशी टाइप केलं. का, तर त्याच्याबरोबर मला राहायचं होतं आणि मर्ल काय, समजून घेईल. तिनं आयुष्यभर घेतलंच होतं. रेक्स सांगत होता आणि मी बोटं चालवत होते: ‘घरगुती अवजारं. कर्ते: कै. क्लॅरी पास्को. पत्नी मर्ल यांच्या सौजन्यानं.’ एक पूर्णविराम राहिला होता, तोही मी जागच्या जागी घातला. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते आता.

मग चार दिवस मधे होते. मर्ल कुंपणावरून विचारायची, ‘काय गं, झालं का नावाचं?’ मी म्हणायचे, ‘होतंय, होतंय.’

रविवारी चर्च सुटल्यावर उद्‌घाटन होतं. पन्नास-साठ माणसं, चहा, पेस्ट्या. मर्ल हातमोजे घालून आली होती, नवी टोपी. रेक्सनं भाषण ठोकलं. क्लॅरीची कल्पकता, क्लॅरीचे हात, आणि कहर म्हणजे, ‘या अवजारासाठी त्यानं आपल्या लाडक्या बॅटीचा त्याग केला!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभर माझ्या घरात बसून त्या बॅटीसाठी रडलेला माणूस, आणि ज्याच्यापुढे रडला तोच हे सांगतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मी गप्प उभी होते.

मर्ल काचेजवळ गेली. पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग तिनं हातमोजे काढले आणि पर्समध्ये ठेवले.

‘रेक्स, ती दोरी कशाची रे?’

‘कुठली? ती होय. गाडी ओढायची.’

‘बंद पडली की ओढून न्यायची?’

‘हो, अर्थात.’

‘आणि ती दांडीची चकती?’

रेक्स हसला. ‘मर्ल, आज हे कशाला? लोक चहाला थांबलेत.’

‘थांबू देत. सांग ना. अध्यक्ष आहेस. क्लॅरीनं तुला सांगितलंच असेल, त्याची अवजारं ना ती?’ तिचा आवाज चढला. ‘नाही सांगितलं! कारण त्यालाच माहीत नव्हतं! ती क्लच धरायला आहे, गाढवा! ही दोरी मी तुझ्या इंजिनात कोंबली होती, चौसष्टला, तुझा नट सुटत नव्हता म्हणून. त्या नटावर माझ्या अंगठ्याचं कातडं गेलंय. आणि तू मला सौजन्य देतोस? माझ्याच वस्तूंचं सौजन्य?’

मागं कुणीतरी पुटपुटलं, ‘बिचारीला अजून सावरता येत नाहीये.’ मर्ल गर्रकन वळली. ‘कोण बोललं? तुझी गाडी दोनदा मी केली आहे, वॉल्टर! पैसे देताना क्लॅरीच्या हातात हात दिलास. तो हात बघितला होतास कधी? मऊ होता!’

‘पुरे आता,’ रेक्स म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. ‘क्लॅरीला लाज आणू नकोस.’

‘त्याला कधीच आली नाही. कपाट उघड.’

‘ही आता क्लबची वस्तू आहे.’

‘कपाट उघड म्हणते ना!’

किल्ली माझ्याकडे होती. चिटणीसाकडेच असते. रेक्सनं माझ्याकडे असं बघितलं, की दिलीस तर घरी बघतो. मी पुढे झाले आणि कुलूप काढलं. तेवढं एक मी केलं. मर्लनं फळी, कडं, चकती, पुलर, दोरी, एकेक काढून कपाटाखाली पडलेल्या तिच्याच खोक्यात ठेवलं. दोरीला धूळ लागली होती, ती कोटाच्या बाहीनं पुसली.

‘अगं, पण मग कपाटात काय ठेवायचं?’ रेक्स ओरडला. ‘नुसते खिळे दिसताहेत!’

‘पाटी आहे ना,’ मर्ल म्हणाली. ‘ती दाखव लोकांना.’

ती खोका उचलून बाहेर निघाली. खोका जड होता, आत सगळं लोखंड. मी मागं धावले, दारापाशी एका बाजूनं हात घातला. म्हटलं, ‘मर्ल, मी धरते. मी भांडले गं त्याच्याशी, दोन दिवस भांडले.’

ती थांबली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘क्लॅरी आयुष्यभर खोटं बोलला, पण नुसतं तोंडानं,’ ती म्हणाली. ‘लिहून दिलंस ते तू. हात काढ.’

मी हात काढला. तिनं खोका एकटीनंच आपल्या मोटारीत चढवला.