मीठ पाघळलं की बंद पडणारी गाडी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीतल्या आमच्या सोसायटीत मोजक्याच गाड्या होत्या. आमची त्यांतली सर्वांत जुनी. वडील नोकरीला बसने जात, त्यामुळे आठवडाभर ती इमारतीखालच्या खांबांमध्ये उभी असे. ती चालवायला शिकायचं आईनं ठरवलं, कारण तिला एकटीनं माहेरी जायचं होतं. माहेर उरणजवळ मोऱ्याला, बंदराच्या धक्क्याजवळ. एसटीनं अर्धा दिवस जाई. गाडीनं जायचं तर वडिलांची सवड बघावी लागे.

उन्हाळ्यात ती शिकली. रस्ते नवे आणि रिकामे होते. वडील शेजारी बसत, मी मागे.

पावसाळ्यात गाडी स्लोला टिकेना. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन थरथरे, ठोके चुकवी आणि बंद पडे. मेकॅनिकनं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. पण त्यानं गाडी पाहिली ती उघडीप असलेल्या दिवशी, आणि त्या दिवशी ती नीट चालली.

"गाडीत काही नाही," वडील म्हणाले. "तुझा पाय आहे."

त्यांच्या हातात ती बंद पडत नसे, हा पुरावा. थांबताना ते हँडब्रेक ओढत आणि पायानं थोडी रेस देत राहत. जुनी सवय होती. आई शिकवल्याप्रमाणे पाय ब्रेकवर ठेवी. या फरकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आईचं लक्ष दुसरीकडे होतं. ती मिठागरांच्या भागात वाढलेली. सकाळी बरणीतलं मीठ पाघळलेलं दिसलं की ते तव्यावर शेकता शेकता ती म्हणे, "आज गाडी बंद पडणार."

"इंजिनात मीठ कमी पडलं वाटतं," वडील म्हणत.

"हसा. काल मीठ कोरडं होतं. काल पडली का बंद?"



मग एका रविवारी उरण फाट्यावर गाडी बंद पडली, सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मागे ट्रक खोळंबले. "पाय, पाय," वडील म्हणत राहिले. आई दार उघडून पावसात उतरली, वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका तिकडे." लायसन्सच्या परीक्षेला ती गेली नाही. माहेरी एसटीनं जाऊ लागली.

"ताई, गाडी हाय ना दारात?" मामा चिडवायचा. "मंग एस्टी कशाला?"

"गाडी आहे. पाय नाही," ती सांगायची.

पुढच्या पावसाळ्यात गाडी वडिलांच्या हातातही बंद पडू लागली. एका दुपारी आभाळ इतकं भरून आलं की इमारतीखाली अंधारलं. इंजिन चालू ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं. प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर निळ्या ठिणग्या सरपटत होत्या. इंजिन बंद करून त्यांनी झाकण काढलं. केसाएवढी चीर होती. कोरड्या फडक्यानं पुसून ते परत बसवल्यावर गाडी एका लयीत चालली.

नवं झाकण आणून बसवल्यावर ते जुनं हातात घेऊन वर आले.

"चीर होती. ओल धरली की ठिणगी भलतीकडे जायची."

आई तांदूळ निवडत होती. "म्हणजे पाय नव्हता."

"नव्हता." झाकण खिडकीत ठेवून ते म्हणाले, "चल, चक्कर मारून ये. आता नाही बंद पडणार."

"राहू दे. एसटीची सवय झाली."

त्यांनी पुन्हा विचारलं, पुढच्या रविवारी आणि नंतरही अनेकदा. ती गेली नाही. चिडून नव्हे, हात बसला होता तो मोडला, एवढंच ती सांगे.

गाडी आणखी काही वर्षं होती. आई डावीकडे बसे. चौकात गाडी थांबली की तिचा उजवा पाय चपलेत अलगद दाबला जाई, ब्रेक असता तिथे. वडील ते पाहत आणि समोर बघत.