येऊन राहिली

अमरावतीच्या आमच्या रविवारच्या पक्षीमंडळात मी एकदा बोलून बसलो, की समुद्री गरुडाच्या घरट्याचा फोटो आणतो. माझं हाराफुलांचं दुकान. गरुड मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिलेला. पण बोललो होतो, तेव्हा जाणं आलं. अकोल्याला नासीरभाई डब्यात चढला. तो लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याजवळ हाताएवढी लेन्स, माझ्याजवळ ठेच्याचा डबा.

कोकणात गाडी शिरल्यावर मी तात्यांना फोन लावला. त्यांच्या परसातल्या आंब्यावर ते घरटं आणि त्यांच्याच घरी आमची खोली. "तात्या, आमी येऊन राहिलो," मी म्हटलं. "बरा झाला," म्हणाले आणि ठेवला.

पोचलो तर खोलीत छतापर्यंत नारळ.

"येऊन रवलात (राहिलात) म्हणालात मां?" तात्या चक्रावले. "माका (मला) वाटला, दुसरीकडे खोली घेतलात."

येऊन राहिलो म्हणजे वाटेत आहोत, हे वऱ्हाडात शेंबडं पोरही जाणतं. इथे राहिला म्हणजे मुक्काम ठोकला. नारळ सरकवून गाद्या घातल्या. जेवताना नासीरभाईनं सोलकढी गुलाबी सरबत समजून एका दमात रिचवली आणि मला हळूच विचारलं, "सरबतात लसन कोनं टाकला बे?"

सकाळी तात्यांनी आम्हाला माळ्यावरच्या खिडकीशी बसवलं. "गेल्या साली फोटोवाल्यांनी धुमशान घातल्यानी. आवस (आई) उडाली, पिल्लू कावळ्यांनी नेल्यानी. खिडकी वीतभरच उघडायची. ती उठली तर बंद. परत इली (आली), मगच उघडा." एवढं बजावून ते खाली बागेला पाणी लावायला गेले.

घरटं म्हणजे काटक्यांची मोडकी बाज. त्यात पिल्लू, वेचणीला आलेल्या बोंडासारखं पांढरं. शेजारी आई, कोणाची उधारी आठवल्यासारखी बघणारी.

"मॅडम, जरा हनुवटी वर," नासीरभाई सवयीनं पुटपुटला. वीतभर फटीत त्याची लेन्स मावेना, म्हणून मी खिडकीची फळी अंमळ ढकलली. बिजागरी किंचाळली. मॅडम उठल्या, थेट समुद्रावर. वरच्या फांदीवर दोन कावळे येऊन टेकले.

"काय झाला?" खालून तात्या.

"उडाली. पण येऊन राहिली," मी ओरडलो. खोटं नव्हतं. पाण्यावरून वळून ती खरंच येत होती.

"इली? बरा," म्हणून तात्या पाटाकडे वळले.

ती आली, पण उघडी खिडकी बघून पुन्हा वळली. परत आली, परत वळली. आता बसेल, मग बसेल, म्हणून आम्ही तसेच. कावळे एक फांदी खाली उतरले. पिल्लानं मान घरट्यात खुपसली. तेवढ्यात तात्यांनी वर पाहिलं असावं, कारण शिडी कुरकुरली आणि ते फावड्यासकट वर उगवले.

"इली म्हणालात."

"येऊन राहिली म्हणालो."

"मगे खय (कुठे) रवली?"

मी समुद्राकडे बोट दाखवलं. तात्यांनी फळी लावली. लेन्स थोडक्यात वाचली. अंधारात आम्ही फळीला कान लावून. "तुह्या 'राहिली'नं पोराचा जीव घेतला असता," नासीरभाई कुजबुजला. बाहेर कावळ्यांचा कालवा झाला, मग पंखांचा मोठा फडफडाट, मग काहीच नाही. तात्यांनी फटीला डोळा लावला.

"आता इली," ते म्हणाले. "आणि रवली."

त्यानंतर तात्यांनी खिडकी काही उघडू दिली नाही. कॅमेऱ्यात एकच फोटो निघाला. फणसाच्या फळीचा. रेषा मात्र छान आल्यात.

मंडळात अजून विचारतात, "फोटो काय झाले बे?" मी सांगतो, "येऊन राहिले." इथे कोणाचा गैरसमज होत नाही.

परवा दुकानात हार ओवत होतो, तर तात्यांचा फोन. "पिल्लू उडून राहिला."

सुई बोटात गेली. मला पुन्हा ते दोन कावळे दिसले. "खय रवला?" मी विचारलं.

तात्या हसायलाच लागले. "खय नाय हो. तुमच्या भाषेत सांगतंय."