भाऊकाकांची पाणबुडी

सकाळी काकूचा फोन आला, "हे गेले गं…" आणि दुःखाच्याही आधी माझ्या मनात भीती आली. ते काळं लाकूड मीच आणून दिलं होतं.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेतून निवृत्त झाले आणि ब्रह्मा घाटावरच्या घरात पाणबुडी करायला बसले. समुद्र जन्मात पाहिला नव्हता. दरवर्षी नदीला आलेली बाढ ओसरली की पायऱ्यांवरच्या गाळात अडकलेली लाकडं गोळा करायचे. सोबत नावेच्या कड्या, फुटके कंदील, पितळेचे तुकडे. पुढच्या खोलीत ते पलंगाएवढं धूड वाढत गेलं. कुणी हसलं की म्हणायचे, "पाणी गल्लीत शिरलं की तुम्ही गच्चीवर पळा, मी आत बसतो."

यंदा त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून लाकडं आणायला मी गेले. बालाजी घाटावर एक जाड, सरळ ओंडका मिळाला. एक टोक काळं होतं. मला वाटलं, गाळ असेल. काकांनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्यांचा हात थांबला… मणिकर्णिकेचं स्मशान आमच्या घाटाच्या वरच्या अंगाला. तिथून काय वाहत येतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि चितेचं लाकूड कुणी घरात आणत नाही. मला रडूच फुटलं. काका हळूच म्हणाले, "काकूला सांगू नकोस. जळक्या नावेचं आहे म्हणू. इतकं सरळ लाकूड पुन्हा मिळायचं नाही." आणि त्यांनी ते पाणबुडीच्या तळाला ठोकलं.

चार महिन्यांत ते गेले. डॉक्टर हृदयाचं कारण सांगतात. मी शिकलेली बाई, पण मला ते पटवून घेता येत नाही. भात ढवळतानाही ते काळं टोक डोळ्यांसमोर येतं.

मासिक श्राद्धाच्या दिवशी काकू पाणबुडीपाशी बसली होती. तळावरून हात फिरवत म्हणाली, "सुमे, हे लाकूड कुठलं? सही-सही सांग."

काकांनी सांगू नकोस म्हटलं होतं. तरी सगळं सांगितलं. तिनं झटकन हात मागे घेतला. आता ही मला घराबाहेर काढणार, असं वाटलं.

मग तिनं हात पुन्हा तिथंच ठेवला. "यांनाही तिथंच नेलं ना," ती म्हणाली. "असल्याच लाकडांवर ठेवलं. आता ह्याला काय भ्यायचं?"

हल्ली ती त्याच खोलीत अंथरूण घालते. दुपारी पाणबुडीला टेकून पोथी वाचते, मला आत बोलावते. मी उंबऱ्यावरूनच बोलते. काका तिथं आहेत, असं तिला वाटतं. मलाही वाटतं… म्हणूनच पाऊल आत पडत नाही.