कुळगीचा पितळी वाघ

बेळगावच्या साप्ताहिकात असताना एका किश्श्यासाठी चार गावं तुडवावी लागत. सुप्याला परतून वडिलांच्या ओतशाळेत बसलो, तर किस्से आपल्या पायांनी येऊन ओट्यावर बसू लागले. कॉलेजात शिकलेला, जन्मभर बातमीदारी केलेला माणूस मूर्ती ओतायला लागला म्हणजे त्याचं डोकं फिरलं, असं समजणाऱ्यांना मी तेव्हाच सुनावलं होतं. आजही सुनावतो.

ओतशाळा माझा चुलतभाऊ भीमादादा चालवायचा. कुळगीच्या पुनो गावड्यानं रानातल्या देवासाठी पितळेचा वाघ सांगितला, तेव्हा दादाला न विचारता मी म्हणालो, "मी करतो."

दादा म्हणाला, "कर. पण पुनोनं न्हेला न्हाई, तर वाघ वितळवून मी समया ओतणार. आन् तू आपला बेळगावला जा."

*

आधी मेणाचा वाघ घडवायचा असतो. मी एकेक मिशी कोरली, अंगावरचे केससुद्धा सोडले नाहीत.

दादा बघून म्हणाला, "अग्रलेख लिवतोस व्हय? ह्यात वाघ कुठं हाय?" आणि अंगठ्यानं सगळ्या मिशा पुसून टाकल्या.

माझ्या मजकुराला हात लावायची कुठल्या संपादकाची छाती झाली नव्हती! मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. मिशा मात्र परत कोरल्या नाहीत.

*

मेणावर मातीचा साचा चढवत होतो. कामानिमित्त सुप्याला आलेला एक कारकून ओट्यावर टेकला.

"विलायतेत यंत्रावर असले शंभर निघतात. एकासारखा एक."

"आमचा एकच निघतो," मी म्हणालो. "साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही."

"आणि बिघडली तर?"

"तर ती बिघडलेलीही जगात एकच असते. तुमच्या विलायतेला कळवा."

*

मेण वितळवून काढलं, त्या पोकळीत पितळ ओतलं आणि निवल्यावर साचा फोडला. डाव्या कानापर्यंत पितळ पोचलंच नव्हतं. कान अर्धा.

माझी थोरली बहीण गंगाक्का चहा घेऊन आली आणि निरखून म्हणाली, "मांजर झ्याक झालंय रे."

"अक्का, तो वाघ आहे."

"असंल बाबा. दूध झाकून ठेवते."

दादानं मूस पुसायला घेतली, पितळ वितळवायची. मी वाघाच्या पुढ्यात बसून राहिलो. म्हटलं, पुनो येईपर्यंत ह्याला कुणी हात लावून दाखवा.

*

पुनो आला. वाघाभोवती फिरला. अर्ध्या कानावरून बोट फिरवलं.

दादा म्हणाला, "पसंत न्हाई तर बोल, पुनो. भीड धरू नगो."

पुनोनं डोक्याचं फडकं सोडलं, त्याची एक पट्टी फाडली आणि वाघाचं तोंड करकचून बांधलं. वर दोन गाठी मारल्या.

मी ताडकन उठलो. "अरे, हे काय चालवलंयस?"

"वाटंत गुरं चरत्यात न्हवं," पुनो म्हणाला, आणि वाघ खांद्यावर घेऊन कुळगीच्या वाटेला लागला.