कागदावरची लिफ्ट

वर्गात त्यांना सगळे काका म्हणत, आणि त्यात कोणाचं काही चुकत नव्हतं. बाकीच्यांचं वय अठरा-एकोणीस, यांचं चव्वेचाळीस. कॉलेजचे बाक इतके अरुंद, की काका एकदा बसले की तास संपेपर्यंत हलायची सोय नाही. कामावर मात्र ते मिस्त्री. बावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस. मोटरच्या आवाजावरून बेअरिंग किती महिने टिकेल ते सांगायचे, आणि ते तेवढेच महिने टिकायचं.

असा माणूस पोराटोरांत येऊन का बसला, तर लिफ्ट सुरक्षित आहे असं लिहून द्यायचा अधिकार फक्त पदवीवाल्या इंजिनिअरला. दोष काकांनी शोधायचा, दुरुस्ती काकांनी करायची, आणि शेवटी पंचविशीतला कोणी साहेब येऊन विचारणार, "मिस्त्री, सगळं ठीक आहे ना?" हे 'ठीक आहे' म्हणाले की तो सही ठोकणार. याचा काकांना मनापासून राग होता. पदवी हवी तर कॅल्क्युलसवालं भौतिकशास्त्र करावं लागतं, आणि त्या वर्गात शिरायचं तर आधी हा एका सत्राचा तयारीचा अभ्यासक्रम. वेग, त्वरण, बल, आलेख. अंतिम परीक्षेत शंभरात साठ मिळाले तर पुढे. नोकरी करणाऱ्यांना संधी एकच. साठ नाही पडले, तर मिस्त्री म्हणूनच निवृत्त व्हायचं.

काकांना त्याची चिंता नव्हती. शिकवणाऱ्या बाई त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज बारीक, खडू नखाएवढा उरेपर्यंत टाकायच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "लिफ्ट खाली येतेय आणि थांबायला लागली. आतल्या माणसाला आपलं वजन कमी वाटेल की जास्त?"

सगळा वर्ग म्हणाला, कमी.

"जास्त," काका म्हणाले. "गुडघ्यांना विचारा."

बाई हसल्या. त्या दिवसापासून काकांनी ठरवून टाकलं, की हा विषय आपल्या घरचा आहे.

मग सत्राच्या मधली परीक्षा झाली आणि हातात अडतीस पडले. पाच उत्तरं सोळा आणे बरोबर, आणि प्रत्येकाखाली लाल शाईत एकच प्रश्न: 'कसं काढलं?' सहाव्या गणितात रिकामी केबिन नऊशे किलोची होती आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, सातशे किलोचं. ब्रेक सोडला तर केबिन कुठे जाईल, किती त्वरणाने? काकांनी लिहिलं होतं, 'अशी लिफ्ट कोणी बसवत नाही. काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं. हे बसवणाऱ्याला आधी कामावरून काढा.' गुण शून्य.

"लिफ्टवाल्या काकांना पायऱ्या लिहायचं वावडं आहे," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. काकाही हसले, पण कान लाल झाले होते.

तास संपल्यावर ते बाईंपुढे उभे राहिले. "बाई, चुकीच्या लिफ्टचं गणित करून मिळणार काय?"

"ती नेमकी किती चुकीची आहे ते कळेल," बाई म्हणाल्या. "काका, तुमचं ज्ञान मी नाकारत नाही. पण कागदावरची लिफ्ट कागदावरच सोडवायला हवी."

घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे सगळी भडास काढली. ती सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. भाजी चिरता चिरता तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी रोज दोनशे लोकांना बरोबर औषध देते," ती म्हणाली. "कोणाला काय दिलं ते वहीत लिहिलं नाही, तर मला कामावर ठेवतील का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? उद्या तुमच्या हातची लिफ्ट दुसऱ्याने उघडली, तर त्याने कोणाला विचारायचं? तुमच्या गुडघ्यांना?"

बायको बरोबर बोलली की त्यांना भूक कमी लागायची. त्या दिवशी ते एकाच पोळीवर उठले.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जायच्या आधी तासभर ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसू लागले. वाचणाऱ्याने आयुष्यात लिफ्ट पाहिलेलीच नाही, असं धरून प्रत्येक ओळ लिहायची. बल कुठलं, बाण कुठे, चिन्ह का बदललं. सुरुवातीला जीव नकोसा झाला. मग त्यांनी ती नऊशे-सातशेची लिफ्ट सोडवायला घेतली. त्वरण आलं सव्वाच्या आसपास, खालच्या दिशेने. पुढचं कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी काढलं: पाचव्या मजल्यावरून पंधरा मीटर खाली यायला जेमतेम पाच सेकंद, आणि तळाशी आदळताना वेग ताशी बावीस किलोमीटर. अशी लिफ्ट धोक्याची, एवढं त्यांना बावीस वर्षं ठाऊक होतं. किती धोक्याची, हे त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

अंतिम परीक्षेत शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता. लिफ्ट थांबलेल्या जागेवरून निघते आणि चार सेकंदांत दोन मीटर प्रति सेकंद वेग गाठते, असा आलेख, आणि रेष सरळ नव्हे, वाकडी. आधी हळू चढणारी, मधे उभी, शेवटी पुन्हा निवांत. चार सेकंदांत अंतर किती, ते पायऱ्यांसह काढायचं होतं.

काकांनी रेष ओळखली. आतल्या माणसाच्या पोटात गोळा येऊ नये म्हणून चांगली लिफ्ट अशीच जोर धरते. पण पाठ केलेली सगळी सूत्रं त्वरण कायम असतानाची. इथे ते क्षणाक्षणाला बदलतंय. हात थांबला. मग त्यांनी आलेखाला उभ्या रेषांनी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या पट्ट्या पाडल्या. एवढ्याशा वेळात वेग जवळपास तोच राहणार, म्हणजे पट्टीची उंची गुणिले रुंदी हेच तिचं अंतर. असं का, ते दोन ओळींत लिहिलं. मग रेषेखालचे चौकोन मोजले. चौतीस. आलेखाच्या मापाने एक चौकोन म्हणजे साडेबारा सेंटिमीटर अंतर, एकूण सव्वाचार मीटर.

बाहेर आल्यावर पोरांचा गलका. "सरासरी वेग एक, गुणिले चार, उत्तर चार." सगळ्यांचं चार. वीस गुण गेले म्हणजे साठ गेले. आठवडाभर ते घरी रोज गुणांची बेरीज करून पाहत राहिले.

निकालाच्या दिवशी बाईंनी पेपर समोर ठेवला. त्रेसष्ट. शेवटच्या प्रश्नाला वीसपैकी अठरा.

काकांनी आकडा दोनदा वाचला. "बाई, माझं उत्तर चुकलंय. चार मीटर हवं होतं. पोरांचं बरोबर आलं."

"त्यांचं नशिबाने आलं. रेष वरखाली सारखीच वाकलेली होती म्हणून जमलं. त्यांनी लावलेलं सूत्र तिथे चालतच नाही, म्हणून त्यांना पाच."

"आणि मला अठरा?"

"तुमची चूक कुठे आहे ते मला दिसतं. मधल्या परीक्षेत तुमचं बरोबर कसं आलं, तेही दिसत नव्हतं."

काका पेपर घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसले आणि बोट ठेवून चौकोन मोजू लागले. दहा मिनिटांनी परत आत आले. "चौथ्या पट्टीतले दोन चौकोन पाचव्या पट्टीतही मोजलेत. बत्तीस हवेत. बत्तीसचे बरोबर चार मीटर."

"सापडलं ना?" बाई म्हणाल्या. आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. "पुढच्या वर्गात या पट्ट्या इतक्या बारीक करतात, की मोजायची गरजच राहत नाही."

काकांना आता पेपर घेऊन निघता आलं असतं. साठ ओलांडले होते, प्रवेशाची खिडकी चारला बंद होणार होती, आणि बायको फोनची वाट पाहत होती. पण ते तिथेच उभे राहिले.

"किती बारीक?" त्यांनी विचारलं.

बाईंनी नखाएवढा खडू उचलला आणि त्यांच्यासाठी समोरची खुर्ची सरकवली.